डाव्या हाताचा मोजा

मार्लफर्ड, २ मार्च १८८९

लोव्हिना,

अक्षर बघूनच ओळखलं असशील. कोंबडी शाईत पाय बुडवून कागदावरून चालत गेली की असं दिसतं, असं तूच मागे म्हणाली होतीस. काय करू? उजवा हात यादवी युद्धात व्हर्जिनियात राहिला आणि डाव्याला पंचवीस वर्षं शाळेत घालतोय, तो काही पहिलीच्या पुढे जात नाही.

कामाचं सांगतो. इथल्या सभागृहावरची खोली आमच्या पलटणीला आठवणींसाठी मिळाली आहे. तिचा रखवालदार मी. बाकीच्यांना दोन दोन हातांची कामं आहेत म्हणून हे मानाचं पद माझ्या गळ्यात पडलं. लोक रोज काहीतरी आणून देतात. कर्नलच्या घोड्याला लागलेली गोळी आतापर्यंत तिघांनी आणून दिली. घोडा मेला तो अपचनाने, पण कुणाला दुखवायचं कशाला म्हणून तिन्ही मांडल्यात. एकाने त्या वेळचं शिधाबिस्किट आणलंय. उंदरांनी त्याला अजून तोंड लावलेलं नाही, यावरून आम्ही काय खात होतो ते समज.

तुझ्या भावाचं, लायमनचं, काही मिळालं तर हवंय. आमच्या तंबूत तो माझ्या डाव्या अंगाला झोपायचा, आणि सगळ्या कंपनीत माझं माणूस म्हणावं असा तोच. हल्डा मावशीपाशी त्याच्या वस्तूंची एक पेटी आहे ना? मला तुझ्या आईशी बोलायची हिंमत होत नाही, तूच विचार. फुलांच्या दिवसाला, मे अखेर सैनिकांच्या थडग्यांवर फुलं वाहतो तेव्हा, खोली उघडायची आहे. भिंतीवर आपल्या कंपनीतल्या प्रत्येकाचं नाव रंगवून घेणार आहे. फक्त पळून गेलेल्याचं नाव नाही, असं सभेत ठरलं. तसा आपल्यात एकच, बीच हिलचा ऑरिन सीली.

मेपलच्या झाडांना साखरेचा रस सुटला का?

तुझा दूरचा भाऊ आणि जवळचा उपद्रव,
एसा


ईस्ट ब्रॅमली, १७ मार्च

एसा,

रस सुटलाय आणि मी कढईपाशी बांधलेली आहे. हे पत्र मांडीवर फळी घेऊन लिहितेय. कागद चिकटला तर चाटून बघ.

आईला विचारलं. आधी नाही म्हणाली. मग जेवताना म्हणाली, एसाला दे, पण फुलांच्या दिवसाआधी परत हवं. मग भांडी घासून होईपर्यंत तीनदा विचारलं, एसा नीट सांभाळेल ना. मी म्हटलं, एक हात सांभाळला नाही त्याने, पण वस्तू सांभाळेल. आई हसली. हल्ली क्वचितच हसते, म्हणून तुला कळवते.

पेटीत फारसं काही नाही. पलटणीमागून जे लोक मृतदेह घरी पाठवायचं काम करायचे, त्यांनी शवपेटीबरोबर एक पुडकं दिलं होतं. त्यात डगल्याच्या आत टाचलेली चिठ्ठी होती, 'लायमन थेअर, ईस्ट ब्रॅमली, व्हरमाँट', त्याच्याच अक्षरात. त्या चिठ्ठीवरूनच तर पुरणाऱ्यांना कळलं तो कोण ते. बिस्किटांच्या खोक्याची एक फळी होती, तिथल्या पहिल्या थडग्यावरची, तिच्यावर त्यांनी चाकूने नाव कोरलेलं. एक बटण. आणि एक हातमोजा, बंदुकीच्या चापासाठी तर्जनी वेगळी विणलेला. तो आईने विणलेला नाही. आई म्हणते बायकांच्या मंडळाने पाठवला असेल, लोकर चांगली आहे पण टाके आवळून घातलेत. डगला त्याच्याबरोबरच पुरला.

आईला आता नीट दिसत नाही, तरी संध्याकाळी शाल घेऊन त्याच्याकडे जाते. भिंतीच्या कडेने हात लावत लावत जाते आणि थडग्याच्या दगडापाशी बसून दिवसभराचं सगळं सांगते, गाय व्यायली, छप्पर गळलं. बाबा मात्र मरेपर्यंत एकदाही तिथे गेले नाहीत. बाकीच्या सगळ्या थडग्यांवरचं गवत काढायचे, तेवढं सोडून. मी त्यांना त्याबद्दल कधी माफ केलं नाही. माणसाने इतकं कठोर असू नये.

पेटी गुरुवारच्या गाडीने पाठवते.

लोव्हिना


मार्लफर्ड, २५ मार्च

लोव्हिना,

पेटी मिळाली. सगळं सुखरूप आहे. मावशीला सांग, तिचे आभार.

वस्तूंबरोबर चार ओळी लिहायच्या असतात, त्यासाठी थोडं विचारतो. शवपेटी घरी आली तेव्हा ती कुणी उघडली होती का? तोंड कुणी पाहिलं? केस वगैरे? आणि मोजा नक्की त्याच पुडक्यात होता ना, की मंडळाच्या सामानातून नंतर कधी त्यात पडला?

घाई नाही. पण सवड होईल तसं कळव.

एसा


ईस्ट ब्रॅमली, ४ एप्रिल

एसा,

रस्त्यांचा चिखल झालाय. टपालवाला घोडा सोडून चालत आला आणि गुडघ्यापर्यंत बरबटून दारात उभा राहिला. एवढं करून त्याने आणलं काय, तर तुझं ते पत्र. ना एक टोमणा, ना एक थट्टा. लहानपणी तू खोटं बोलताना नाक खाजवायचास. पत्रात नाक दिसत नाही, पण मला खाजवल्याचं ऐकू आलं.

विचारलंस तर सांगते. शवपेटी जानेवारीत आली. बाबा स्लेज घेऊन स्टेशनवर गेले होते. जमीन दगडासारखी गोठलेली, त्यामुळे थडगं खणता येईना. सगळ्यांचं होतं तसंच त्याचं झालं, बर्फ वितळेपर्यंत पेटी आमच्या गोठ्याशेजारच्या कोठारात राहिली. आईला तोंड बघायचं होतं. बाबा म्हणाले, आधी मी बघतो. आत गेले, दार लावलं. बाहेर आम्ही दोघी उभ्या. बऱ्याच वेळाने आतून खिळे ठोकल्याचा आवाज आला. बाहेर आले आणि म्हणाले, "बघण्यासारखं राहिलेलं नाही. कुणी उघडायचं नाही." एवढंच. नंतर एप्रिलपर्यंत रोज दोन वेळा त्या पेटीशेजारून जाऊन गाईंच्या धारा काढल्या आणि एक शब्द बोलले नाहीत.

मोजा त्याच पुडक्यात होता. मी स्वतः सोडलं ते.

आता तू बोल. काय झालंय?

लोव्हिना


मार्लफर्ड, १२ एप्रिल

लोव्हिना,

तीन पत्रं लिहून शेगडीत टाकली. हे चौथं. एकटी असशील तेव्हा वाच.

मोजा मांडायला घेतला आणि थंडी होती म्हणून गंमतीने हातात घातला. माझा हात एकच, डावा. तो बरोबर बसला. तळहाताच्या बाजूला कातडं लावलेलं आहे, त्यामुळे उलटा घालायची सोय नाही. तर्जनी वेगळी आहे ती डाव्या हाताची. लोव्हिना, बंदुकीचा चाप उजव्या हाताने ओढतात. डावखुरा असला तरी कवायतीत मारून मुटकून उजव्यानेच ओढायला लावतात. व्हरमाँटमधल्या सगळ्या बायकांनी त्या वर्षी असे मोजे विणले, सगळ्यांनी उजव्याचं बोट वेगळं केलं. एका आईने तेवढं डाव्याचं केलं, कारण तिचा मुलगा जेवायचा डाव्याने, लाकूड फोडायचा डाव्याने, आणि सैन्यात काय चालतं ते तिला कोण सांगणार? तो मोजा आला तेव्हा कंपनी हसून हसून लोळली. आठवडाभर आम्ही त्याला विचारायचो, काय रे, लढाई झाल्यावर सूप प्यायला धाडलाय का हा? तो मुलगा म्हणजे ऑरिन सीली.

तुला वाटेल, थंडीत मोजे इकडचे तिकडे होतात. मीही तेच स्वतःला सांगत बसलो. पण दुसरं एक आहे. आमच्याकडे पद्धत होती, पुढच्या पहाऱ्यावर जो जाईल त्याला कंपनीतला चांगला डगला द्यायचा. सगळ्यांचेच विटलेले होते आणि पहाऱ्यावर शेकोटी पेटवता येत नसे. त्या संध्याकाळी ऑरिनची पाळी होती. लायमनने आपला डगला काढून त्याला दिला. मी शेजारी उभा होतो. चिठ्ठी आत टाचलेलीच होती, आम्ही सगळ्यांनी दुपारी टाचल्या होत्या. लायमन म्हणाला, सकाळी परत आण रे, नाहीतर मी मेलो तर कुणाला कळायचं नाही. आम्ही हसलो.

पहाटे दक्षिणवाले आमच्या पहाऱ्यावरून चालत आले. ऑरिन परतला नाही. कुणीतरी म्हणालं तो रात्रीच त्यांच्याकडे गेला, आणि तेच खरं धरलं गेलं. सार्जंटने नावापुढे 'पळाला' लिहिलं. लायमन त्याच सकाळी पडला, माझ्या डोळ्यांसमोर, अंगात नुसता सदरा. मग माझा हात गेला आणि मला मागे नेलं. लायमन घरी गेला असं इस्पितळात कळलं. तो कशावरून ओळखला, हे मला तुझ्या पत्रापर्यंत ठाऊक नव्हतं.

तुझ्या बाबांनी दार लावलं आणि खिळे ठोकले. लायमनचे केस गाजरासारखे लाल होते. ऑरिनचे काळे.

ऑरिनची आई, डॉर्कस सीली, अजून बीच हिलवर राहते. छातीचं दुखणं आहे, उन्हाळा काढेल असं डॉक्टरला वाटत नाही. पंचवीस वर्षं चर्चमध्ये ती शेवटच्या बाकावर बसते. फुलांच्या दिवशी आम्ही बँड वाजवत तिच्या दारावरून जातो आणि तिच्याकडे कुणी बघत नाही, मीसुद्धा नाही.

तिला सांगायला हवं असं मला वाटतं. पण ते थडगं तुमचं आहे आणि मावशी तुझी आई आहे. तू नाही म्हणालीस तर मी तोंड उघडणार नाही.

एसा


ईस्ट ब्रॅमली, १५ एप्रिल

पेटी परत पाठव.

कुणाला एक शब्द सांगायचा नाही. माझी आई ऐंशीच्या पुढे आहे. तिला एकच मुलगा होता आणि तिने तो एकदा पुरलाय. आता तिला मी काय सांगू, की तू पंचवीस वर्षं परक्याशी बोलत होतीस? की तुझा कुठे पडलाय ते देवाला ठाऊक?

तू त्या मोज्यात हात घातलाच कशाला?

लो.


मार्लफर्ड, २० एप्रिल

लोव्हिना,

पेटी याच गाडीने येतेय. कापूस घालून बांधली आहे. शब्द दिला होता, तो पाळेन.

लायमन कुठे पडलाय असं तू विचारलंस म्हणून सांगतो, नाहीतर सांगितलं नसतं. तिथे रानाच्या कडेला एक लांब खड्डा खणला होता. ज्यांच्या अंगावर नाव सापडलं नाही ते त्यात. वर एकच फळी लावली होती, 'अनोळखी'. नंतर सरकारने त्या सगळ्यांना तिथल्या मोठ्या सैनिकी दफनभूमीत हलवलं. तिथे दगड आहेत, पण नुसते आकडे असलेले. मी एकदा गेलो होतो, दुसऱ्या कुणासाठी. व्यवस्थित आहे सगळं, गवत कापतात, ओकची झाडं आहेत. त्यातला एक तो असणार. याहून जास्त मला सांगता येत नाही आणि त्याचं मला फार वाईट वाटतं.

त्या सकाळी त्याला थंडी वाजत होती. उड्या मारत होता आणि म्हणत होता, त्या ऑरिनला सांग, डगल्यात झोपू नको. कुरकुर मात्र केली नाही.

रंगारी मेच्या सोळा तारखेच्या आठवड्यात येतो. आधी ठरलं तशी नावं मी त्याला देईन.

एसा


ईस्ट ब्रॅमली, ६ मे

एसा,

मी बीच हिलवर गेले होते. तुला न सांगता, आईला न सांगता. मेपल साखरेची वडी घेतली आणि निघाले. म्हटलं, बघून तर येऊ. का गेले ते मला विचारू नकोस, रात्रंदिवस ती बाई डोक्यातून जाईना.

खाटेवर होती, उशांना टेकून. हातात विणकाम. घर स्वच्छ, पण माणसाची चाहूल नाही, शेजारीण सकाळ संध्याकाळ चूल पेटवून जाते. मला बघून तिला वाटलं चर्चने पाठवलं. मी नाव सांगितलं तेव्हा म्हणाली, "लायमन थेअरची बहीण. त्याचं नाव ऑरिनच्या पत्रात असायचं. ऑरिनला तो चांगलं वागवायचा." मला तिच्याकडे बघवेना.

मनाशी ठरवून गेले होते की काही बोलायचं नाही, पण तुझंच म्हणणं मनात घोळत होतं, की बिचारीला आपण काहीतरी देऊ शकतो. मुलाचं नाव धुऊन देऊ शकतो. म्हणून मी आडून विचारलं. लोक ऑरिनबद्दल बोलतात ते तुम्ही खरं मानता का?

विणकाम थांबवलं नाही तिने. म्हणाली, "बोलू देत. मी कधी कुणाशी भांडले नाही. पळून गेला असेल तर जिवंत असेल ना? कुठेतरी पश्चिमेला शेत असेल, बायको असेल. लाज वाटते म्हणून लिहीत नसेल. लाजेने कुणी मरत नाही. तो भ्याला असता तरी चाललं असतं मला, माझ्याकडे आला असता तर मी त्याला तळघरात लपवलं असतं."

एसा, आपण तिला काय देणार होतो ते कळलं का तुला? तिच्याकडे जिवंत मुलगा आहे. सगळ्या गावाची थुंकी झेलून तिने तो जिवंत ठेवलाय.

साखर ठेवली आणि परत आले. वाटेत दोनदा थांबून रडले, एवढी मोठी घोडी मी. आपल्या हद्दीच्या भिंतीपाशी आले तेव्हा बाबांचा विचार आला. त्यांनी झाकण उघडलं आणि त्यांना दिसले काळे केस. दाराबाहेर आई उभी. आत शिरून त्यांनी काय ठरवलं असेल ते मला आता कळतंय. कुणाचा तरी मुलगा आहे, परत पाठवला तर खड्ड्यात जाईल आणि आपली बायकोही रिकाम्या हाताने मरेल. म्हणून खिळे ठोकले. आणि तिथे जाऊन शोक करायचं नाटक त्यांना जमलं नाही. मी त्यांना कठोर म्हणत होते. शेवटच्या दुखण्यात त्यांचं पाणीसुद्धा मी तोंड फिरवून द्यायची.

आता मी काय करू ते सांग. तूच हे माझ्या डोक्यावर ठेवलंस.

लोव्हिना


मार्लफर्ड, ११ मे

लोव्हिना,

मला सांगता येत नाही. खरंच सांगता येत नाही. मी समजत होतो की मी एका म्हातारीचा मान परत करतोय आणि त्यात मला जरा मोठेपणाही वाटत होता. तुझं पत्र वाचलं आणि खोलीला कुलूप लावून घरी गेलो.

दोन दिवस विचार केला. एकच मनात येतं. खरं सांगितलं तर दोघींचाही मुलगा जातो, आणि नाही सांगितलं तर ऑरिन जातो. तो पहाऱ्यावरून हलला नाही. पहारा सोडून आला असता तर आम्ही दहा-बारा जण आणखी मेलो असतो, त्याची एकच गोळी ऐकून आम्ही सावध झालो. ती गोळी कुणाची, असं तेव्हा कुणी विचारलंच नाही. हे सगळं त्याच्या बाजूने बोलायला जगात मी एकटा उरलोय, आणि मी तुला शब्द दिलाय.

शब्द मोडणार नाही. रंगाऱ्याला मी वीस तारखेपर्यंत थांबवलंय, मला बरं नाही असं सांगून. तुझं पत्र आलं नाही तर तो आधीचीच नावं लिहील, आणि मी त्याबद्दल तुला कधी बोल लावणार नाही.

एसा


ईस्ट ब्रॅमली, २७ मे

एसा,

दोन शब्दांची तार मिळाली असेल तुला, 'ऑरिन लिही'. जास्त लिहायला हात धजला नाही. आता सगळं सांगते.

तुझं पत्र आल्यावर मी आईला सांगितलं. चुलीपाशी बसवलं आणि सुरुवातीपासून सगळं सांगितलं, मोज्यापासून बाबांपर्यंत. ती रडली नाही, रागावलीही नाही. मोजा मागितला. हातात घालून बघितला, आधी उजव्या, मग डाव्या. मग म्हणाली, घोडा जोड.

मी म्हटलं, आई, त्या बाईला तिचा मुलगा जिवंत वाटतो. तो तिच्याकडून घ्यायचा आपल्याला काय हक्क? आई म्हणाली, "ती आता मरणार. मेल्यावर त्याला पश्चिमेला शोधत बसेल." मी घोडा जोडला.

तिथे गेल्यावर आईने खाट चाचपत मोजा डॉर्कसबाईंच्या मांडीवर ठेवला. त्यांनी उचलला, एकदा पालथा केला आणि ओळखला. ओळखायला काहीच वेळ लागला नाही. आई म्हणाली, हा ज्याच्या हातात होता तो पहाऱ्यावर मेला, पळाला नाही. डगला कसा गेला, चिठ्ठी कशी होती, तेही आईने सांगितलं. त्या ऐकत राहिल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "साखर घेऊन आलीस तेव्हा तुला माहीत होतं." मी मान हलवली. म्हणाल्या, "सकाळपर्यंत माझा मुलगा जिवंत होता. तुम्ही गाडी जोडून त्याला मारायला आलात."

आईने तरी उठायचं नाव घेतलं नाही. तशीच खाटेच्या कडेला बसून राहिली. शेजारीण येऊन चूल पेटवून गेली. मग खूप वेळाने डॉर्कसबाईंनी भिंतीकडे बघत विचारलं, कुठे आहे तो.

आई म्हणाली, "माझ्याकडे आहे, डॉर्कस. इतकी वर्षं माझ्याकडेच आहे."

त्यांनी विचारलं, एकटाच का? आई म्हणाली, नाही, मी रोज जाते. आणि मग, एसा, माझ्या आईने त्यांना सगळं सांगितलं. तिथे ऊन कुठून येतं, बर्फ आधी कुठला वितळतो, त्याच्या उशाला लायलॅकचं जांभळ्या फुलांचं झुडूप आहे आणि मागच्या वर्षी ते कसं फुललं. एखादी बाई दुसरीला तिच्या लेकराने दिवसभर काय केलं ते सांगते, तशी सांगत होती. डॉर्कसबाई मध्ये मध्ये विचारायच्या, आणि काय बोलता त्याच्याशी? आई सांगायची. एकदा तर दोघी हसल्या, आमच्या गाईच्या कुठल्याशा खोडीवर. मी बाहेर जाऊन घोड्यापाशी उभी राहिले.

आई पुढचे पाच दिवस तिथेच राहिली. मी भाकरी आणि दूध पोचवत होते. बुधवारी डॉर्कसबाई गेल्या. आई म्हणाली, त्यांना आपल्याकडे आणायचं. लायमनच्या दगडाशेजारची जागा आईसाठी राखलेली होती, बाबांच्या आणि त्याच्या मधली. ती आईने त्यांना दिली. मी म्हटलं, मग तू कुठे? म्हणाली, मला कुठेही टाक, आई शेजारी हवी ती त्याला. शुक्रवारी पुरलं. गावातले सहा जण आले, म्हातारा पाद्री आला. ऑरिनबद्दल मी सगळ्यांसमोर सांगितलं. कुणाला माझ्याकडे बघवत नव्हतं. दगडावर लायमनचं नाव राहू देणार आहोत, त्याला दुसरी जागा नाही. मागची बाजू कोरी आहे, तिथे ऑरिनचं कोरून घेऊ. फुलांच्या दिवशी बँड घेऊन इकडे या, पलटणीला सांग.

काल संध्याकाळी आईने नेहमीसारखी शाल घेतली. दारापर्यंत आली आणि उंबऱ्यावर थांबली. मला वाटलं काठी हवी असेल. म्हणाली, "लोव्हिना, त्याची आई आता आहे त्याच्यापाशी. मी कुठे जायचं गं?"

मी तिचा हात धरला आणि आम्ही दोघी तिकडेच गेलो. दुसरं कुठे जाणार?

लोव्हिना